घटाखालची शब्दपेटी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोड कहाणी ऐकायला बसला असाल तर उठा आणि दुसरीकडे जा. जुन्या छत्र्या, जुनी घड्याळं, फाटकी पुस्तकं आपली गोष्ट सांगताना टिपं गाळतात. मला रडू येत नाही, मला राग येतो. तो का येतो, ते आज मी सगळं सांगणार आहे.

मी सागवानाची शब्दपेटी. हातभर रुंद, एकाखाली एक असे चार खण, प्रत्येक खणाला पितळी मूठ. बोरिवली पश्चिमेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर असते. नुसती घरात असते तर मी काही बोलले नसते. मी देवघरात असते, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

मला दत्तारामने घडवलं. तो परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होता. गिरणी बंद पडली तेव्हा परळची खोली सोडून तो बायको-मुलाला घेऊन बोरिवलीच्या बैठ्या चाळीत आला आणि लोकांची कपाटं, पलंग करून देऊ लागला. त्याची बायको प्रेमा महापालिकेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर तिच्यापुढे मुलं बसायची. नापास झालेली, होणारी, आणि होतो की काय म्हणून धास्तावलेली. प्रेमा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर शब्दांचे तुकडे लिहायची आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. डब्यात त्यांची खिचडी व्हायची. एक दिवस ती चिडून दत्तारामला म्हणाली, "जगाला कपाटं करून देता, माझ्या पट्ट्यांना एक खोकं नाही होत तुमच्याकडून?"

कुठल्याशा मोडलेल्या दाराच्या फळ्या मिळवून दत्तारामने आठ दिवसांत मला उभं केलं. मापाला इतका पक्का होता की खण ओढला की नुसता घसरत यायचा, आवाजसुद्धा नाही. त्या कामाचा मला अजून अभिमान आहे.

आता माझ्या पोटात काय होतं तेही ऐका, कारण हल्ली ते कोणी विचारत नाही. इंग्रजी शब्दांच्या शेवटी जे तुकडे चिकटतात ना, ते. नेस, लेस, फुल, मेंट, एबल, लॉजी. तुमच्या व्याकरणात त्यांना प्रत्यय म्हणतात. प्रेमा त्यांना आडनावं म्हणायची. ओट्यावरची निम्मी मुलं कोकणातली. ती त्यांना विचारायची, "मालवणकर म्हटलं, वेंगुर्लेकर म्हटलं, की माणूस कुठला ते कळतं ना? तसं शब्दाचं आडनाव बघायचं. तो कुठून आला आणि काय काम करतो, दोन्ही कळतं."

पहिला खण घरच्यांचा होता, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्यांचा. शेतकरी, कोळी, लोहार बोलायचे ती भाषा. नेस म्हणजे आपला पणा. काइंडनेस, दयाळूपणा. हूड हा एके काळी सुटा शब्द होता, अवस्था किंवा दर्जा असा त्याचा अर्थ. पुढे तो दुसऱ्या शब्दांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्यातून चाइल्डहूड आलं, बालपण. फ्रेंडली मधला ली तर मूळचा देह, रूप या अर्थाच्या शब्दातून आला. मित्राचं रूप असलेला तो फ्रेंडली. लेसच्या पट्टीवर प्रेमाने लाल रेघ मारली होती, कारण दर वर्षी कोणीतरी होपलेसचा अर्थ थोडीशी आशा असा लिहायचा. "कमी नाही रे, अजिबात नाही," ती म्हणायची. "कमीवाला लेस वेगळा, त्याचं याच्याशी नातं नाही. याचं मूळ म्हणजे रिकामा."

दुसरा खण फ्रेंचांचा. साडेनऊशे वर्षांपूर्वी नॉर्मंडीच्या सरदाराने इंग्लंड जिंकलं, आणि त्याच्या दरबाराबरोबर मेंट, एबल, एज अशी मंडळी आली. त्यांचं मूळ घराणं लॅटिन. "आपल्याकडे नाही का," प्रेमा विचारायची, "हवालदार, दुकानदार, त्यातलं दार कुठलं?" मुलं अंदाज लावायची. मग तीच सांगायची की ते फारसीतलं, बादशाही कारभाराबरोबर आलं आणि इथेच राहिलं. तिसरा खण ग्रीकांचा. त्यातल्या लॉजीचं मूळ म्हणजे बोलणं, विचार. बायॉलॉजी म्हणजे जिवांबद्दलचं बोलणं. एवढं कळलं की झूऑलॉजी, जिऑलॉजी कोणी पाठ करत बसायचं नाही. नवा शब्द दिसला की मुलं धावत येऊन खण ओढायची आणि आडनाव शोधायची.

सगळ्यात खालचा, चौथा खण नर्सिंगला जाणाऱ्या मुलींचा. चाळीतल्या दोन मुली पहिल्याच वर्षी आजारांची नावं बघून घाबरल्या आणि परत आल्या, तेव्हा प्रेमाने एका डॉक्टरीणबाईंकडून जाडजूड कोश मागून आणला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने चाळीस पट्ट्या लिहिल्या. निळ्या शाईच्या पेनने, वळणदार अक्षरात. ॲल्जिया म्हणजे दुखणं. एमिया म्हणजे रक्ताची अवस्था. ऑटमी म्हणजे चिरणं, एक्टमी म्हणजे कापून बाहेर काढणं, ऑस्टमी म्हणजे शरीराला नवं तोंड पाडणं, कारण ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड. आयटिसचा मूळ अर्थ नुसता त्याच्याशी संबंधित एवढाच होता. त्याच्यापुढे रोग हा शब्द असायचा, तो गळून पडला आणि डॉक्टरांनी आयटिसला सुजेच्या कामाला लावलं. परत आलेल्या दोघी पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या आणि नर्स होऊन बाहेर पडल्या.

ती वर्षं माझी. पोरं मला ओरबाडायची. चिंचेचे हात, आंब्याचे हात, कोणी मूठ उपटली, कोणी बाजूला कर्कटकाने स्वतःचं नाव कोरलं. दत्ताराम मुकाट्याने सरस गरम करायचा आणि दुरुस्ती करायचा. त्यांचा मुलगा अनंत त्या पोरांत सगळ्यात ढ होता. इंग्रजीत पस्तीसच्या पुढे त्याची गाडी जात नव्हती. रोज दोन तास माझ्यासमोर मांडी घालून बसला तेव्हा दहावीला एकसष्ट मिळाले, आणि त्या जोरावर तो पुढे सरकारी कचेरीत लागला. हे मी मुद्दाम सांगते आहे.

पुढे दत्ताराम गेला. चाळ पाडून इमारत झाली. प्रेमा निवृत्त झाली, तरी शिकवत होती. बारा वर्षांपूर्वी, ऐन नवरात्रात, तीही गेली. दिवस कार्य झाल्यावर अनंतची बायको अक्षता हिने मला पुसून देवघरात ठेवलं. "आईंची सरस्वती आहे ही," ती म्हणाली. मला वाटलं, बरं झालं, मानाने ठेवलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

तेव्हापासून दर दसऱ्याला मला हळदकुंकू. झेंडूची माळ. समोर पेढा. आल्यागेल्यांना कौतुकाने सांगायचं, आमच्या सासूबाई फार हुशार, त्यांच्या हाताखाली किती मुलं शिकली. आल्यागेल्यांनीही हात जोडायचे. आणि बारा वर्षांत खण कोणी किती वेळा ओढला? एकदाही नाही. कचऱ्यात टाकली असती तर निदान देवनारच्या ढिगाऱ्यावर एखाद्या पोराने उघडून तरी बघितली असती. इथे मला टाकायचीही सोय नाही आणि वापरायचीही नाही. पेढे मुंग्यांनी खाल्ले, कुंकू माझ्या फटींत जाऊन बसलं.

यंदा तर कहर झाला. घट मांडायचा चौरंग, त्याचा पाय घटस्थापनेच्या सकाळीच मोडला. अक्षताने इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. "ही घेऊ का? आईंची आहे, पूजेतलीच आहे." अनंत पेपर वाचत होता, त्याने मान न वळवता हो म्हटलं. झालं. माझ्या डोक्यावर पत्रावळ, तिच्यावर परडी, परडीत माती, मातीत धान्य, मधोमध पाण्याचा कलश आणि वर नारळ. आणि रोज सकाळी मातीवर ओंजळभर पाणी.

माती हवं तेवढं पाणी पिते आणि बाकीचं खाली सोडते. खाली मी होते. तिसऱ्या दिवशी कोवळे अंकुर फुटले. यंदा काय छान उगवलंय म्हणून फोटो निघाले, नातेवाइकांना गेले. तिकडे पाणी माझ्या पाठच्या फळीवरून उतरून एकेका खणात शिरत होतं. लाकूड फुगत होतं. डोक्यावर गहू वाढत होता आणि पोटात प्रेमाचं अक्षर विरघळत होतं. सांगा, कोणाचं डोकं ताळ्यावर राहील?

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात सरूबाई उभ्या होत्या. त्या मनोरीच्या कोळीणबाई. तीस वर्षं खाडी ओलांडून येतात आणि या भागात दारोदार मासे विकतात. चाळ होती तेव्हापासून या घराला त्यांचेच मासे. नवरात्रात मात्र त्यांची टोपली दारापाशीही चालत नाही. त्या दिवशी टोपली नव्हती. डोक्याला तेल, धुतलेलं लुगडं, आणि बरोबर त्यांची वीस वर्षांची मुलगी.

"मासं नाय आणलं वैनी, घाबरू नका," सरूबाई म्हणाल्या. "ही माजी हेमांगी. अंधेरीला नर्सिंगला हाय."

हेमांगीने चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन भिंतीशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. "काकू, माझा ॲनाटॉमीचा पेपर राहिलाय," ती म्हणाली. "मी मराठी शाळेतली. मागच्या वेळी पेपर हातात घेतला आणि निम्मे शब्द वाचताच येईनात. आता पुरवणी परीक्षा आहे. ह्यात गेले तर कॉलेजातून नाव काढणार. तसं पत्रच आलंय."

"अगं मग फोनवर बघ ना. हल्ली सगळं असतं फोनवर."

"बघते ना काकू. एका शब्दाचा अर्थ चार इंग्रजी शब्दांत देतो. मग त्या चारांचे बघत बसायचं."

"प्रेमाबाय नर्सिंगच्या पोरींना त्या पट्ट्यांवरून शिकवायची," सरूबाई म्हणाल्या. "मी ओट्याला टोपली टेकवून ऐकायची. ती पेटी द्या चार दिस. पोरीचं वरीस वाचंल."

मित्रांनो, बारा वर्षांनी माझ्यासाठी कोणी घरी आलं होतं. अक्षताने माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ती घटाखाली आहे. घट नऊ दिवस हलवत नाहीत. दसरा झाला की न्या, मी स्वतः काढून देईन."

"पेपर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आहे, काकू. खालचा खण नुसता ओढून बघू का? घटाला हात नाही लावणार." हेमांगी एक पाऊल पुढे आली.

"नको, नको. हादरेल तो. आणि सगळं सोवळ्यात आहे गं, तुम्ही..." अक्षता म्हणाली.

"आंगोळ करून आलोय आमी, वैनी," सरूबाई शांतपणे म्हणाल्या.

अक्षताची मान खाली गेली, पण तिने हो म्हटलं नाही. आणि अनंत कुठे होता? तिथेच, सोफ्यावर. हातात फोन, अंगठा खालीवर. एकसष्ट मार्कवाला. ज्याला मी घासून घासून माणसात आणला, त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मायलेकी गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत ऐकू येत होता. मला हात असते तर मी घट, नारळ, माती, सगळं त्याच्या मांडीवर ओतलं असतं.

सहाव्या दिवशी सकाळी तो अखंड दिव्यात तेल घालायला बसला आणि थबकला. खालच्या खणाच्या फटीतून पांढऱ्या फरशीवर निळा थेंब पडला होता. त्याने बोट लावलं, उजेडात धरलं. मग मूठ धरून खण ओढला. खण तसूभर हलला नाही. पाणी पिऊन लाकूड घट्ट बसलं होतं.

"अक्षता, आईच्या पट्ट्या भिजल्यात," तो म्हणाला. "शाई बाहेर येतेय."

अक्षता स्वयंपाकघरातून आली. थेंब बघून तिचा चेहरा उतरला. "मला सुचलंच नाही हो. पाणी खाली जात असेल असं..."

"आत्ता काढू बाहेर. घट जरा बाजूला ठेवू."

ती घटासमोर खाली बसली. "नाही. त्या वर्षी फरशीचं काम होतं म्हणून मी घट वीतभर सरकवला होता. आठव्या माळेला आई गेल्या. तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. पण मला रोज आठवतं."

"आईला साखर होती, हृदय थकलं होतं. घटाचा काय संबंध?"

"ते तुम्हाला सोपं आहे म्हणायला."

बारा वर्षं ही बाई एवढं मनात घेऊन मला हळदकुंकू लावत होती, आणि मला पत्ता नव्हता. मला तिची दया आली. राग गेला असं नाही, पण तिच्यावरचा निम्मा मी अनंतवर वळवला. इतक्या वर्षांत त्याने हिला एकदा तरी विचारायला हवं होतं की तू कशाला घाबरतेस. बहुतेक त्यालाही तसंच काहीतरी वाटलं असावं, कारण तो तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसला. मग त्याने सरूबाईंना फोन लावला आणि उद्या सकाळी हेमांगीला घेऊन या म्हणून सांगितलं.

सातव्या दिवशी मायलेकी आल्या. अनंत बाह्या सरसावून तयार होता, पण अक्षता देवघरासमोर येऊन उभी राहिली. "माझ्याने नाही होणार. मला भीती वाटते. माफ कर गं पोरी."

हेमांगीने वाद घातला नाही आणि ती गेलीही नाही. "बरं काकू, मी थांबते," एवढंच म्हणाली. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, अशी ती अर्धा तास उभी होती. सरूबाई दाराशी उकिडव्या बसल्या. अक्षता एकदा पोरीकडे बघे, एकदा घटाकडे. शेवटी तिचं तिलाच सुचलं.

"अहो, घटाने जागा सोडायची नाही, एवढंच ना? मी तो इथल्या इथे उचलून धरते. तुम्ही पेटी खालून काढा आणि तिच्या जागी पाट सरकवा. घट आहे तिथेच राहील."

तिने पदर खोचला, नमस्कार केला आणि परडीखाली हात घातले. उचलेना. ओली माती, भरलेला कलश, नारळ, सगळं मिळून वजन बरंच होतं. कलश डचमळला.

"एकटीला नाय झेपायचा," सरूबाई उठल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. "धरू?"

अक्षताने त्यांच्या हातांकडे बघितलं. कोयत्याचे वण असलेले, माशांच्या पाण्याने भेगाळलेले हात. मग ती बाजूला सरकली. "या सरूबाई, तुम्ही त्या अंगाने धरा."

दोघींनी घट उचलला. सरूबाईंनी निम्म्याहून जास्त भार घेतला होता, ते मला खालून स्पष्ट कळत होतं. आयुष्यभर डोक्यावर बर्फ आणि मासळी वाहिलेली बाई, तिला परडी काय जड. अनंत आणि हेमांगीने मला ओढून बाहेर काढलं आणि एकावर एक तीन पाट सरकवले. दोघींनी घट हळूच टेकवला. एकही अंकुर मोडला नाही. अक्षताने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले, आणि मग सरूबाईंना पाणी आणून दिलं.

अनंतने स्क्रूड्रायव्हर आणला. "मोडेल ती," अक्षता म्हणाली. "मोडू दे," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य. त्याने फटीत टोक घालून जोर लावला, खणाची पुढची फळी तडकली आणि खण बाहेर आला. मला लागलं. लागू दे.

आत पुठ्ठ्यांचा गोळा झाला होता. त्यांनी एकेक पट्टी सोडवून वर्तमानपत्रावर मांडली आणि पंखा लावला. चाळीसपैकी सतरा पार धुऊन गेल्या होत्या. नुसते निळे ढग. हेमांगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नवा पुठ्ठा मागितला आणि बॉलपेन काढलं. "वाचता येतात त्या आधी उतरवते," ती म्हणाली.

अनंत बाजूला बसला. डोकं खाजवत त्याने पुसल्या गेलेल्यांतल्या चार आठवून सांगितल्या. पाचवीला अडला. तेव्हा सरूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "एमिया लिवलं का? एमिया म्हंजे रक्त. प्रेमाबाय मना म्हणायची, सरू, तुला ॲनिमिया हाय, रक्त नाय तुझ्यात, कलेजी खा."

हेमांगीने मान वर केली. "आये, तुला हे माहीत होतं?"

"माज्या अंगातलं मना नाय म्हायती? आणि ती दुसरी लिव, एक्टमी. माजी पिशवी काढली तवा कागदावर काय होतं? हिस्टरेक्टमी. मी प्रेमाबायला कागद दावला. ती म्हणाली, शेवटाला एक्टमी हाय ना, म्हंजे कापून बाहेर काढायची. नुसती चिरायची असती तर ऑटमी असती. मी तिथंच सही केली."

अनंत खिडकीबाहेर बघायला लागला. हेमांगी भराभर लिहीत होती. थोड्या वेळाने अक्षता चहाचे कप घेऊन आली, ते खाली ठेवले आणि एक पट्टी उचलून बारा वर्षांत पहिल्यांदा वाचली. "आयटिस म्हणजे सूज? मग माझ्या गुडघ्यांचा तो आर्थ्रायटिस?"

"आर्थ्रो म्हणजे सांधा, काकू. सांध्याची सूज."

"एवढंच?" अक्षता म्हणाली. "मला वाटलं काय भयंकर आहे." आणि ती गुडघा चोळत पोरीशेजारी बसली आणि तिला पट्ट्या विचारायला लागली. जे कोणालाच आठवलं नाही ते त्यांनी फोनवर शोधलं आणि हेमांगीने आपल्या मराठीत लिहिलं. दसऱ्यापर्यंत ती रोज आली. जाताना तडकलेला खण पट्ट्यांसकट घेऊन गेली. माझ्या तळाशी एक काळं भोक राहिलं.

ऐका, शेवटचं सांगते. महिन्याभराने सरूबाई टोपली घेऊन आल्या. पापलेटं होती. हेमांगी पास झाली, पंचाहत्तरात एकोणपन्नास. अक्षताने तोंड गोड केलं आणि मग हळूच विचारलं, खण कधी परत आणताय.

"नाय मिळायचा वैनी. हॉस्टेलातल्या पाच पोरींनी धरून ठेवलाय. भांडतात त्याच्यावरून. दोन पट्ट्या फाटल्या, एकीवर तेल सांडलं."

"फाटल्या? आईंच्या हातच्या होत्या हो."

"मग काय झालं? त्यांच्या हातच्या पट्ट्या पोरी फाडायच्याच ना ओट्यावर."

अक्षता पापलेटं घेऊन आत गेली. मी मात्र देवघरात त्या दिवशी पहिल्यांदा सुखात होते. माझा एक खण अंधेरीच्या कुठल्याशा खोलीत आहे, त्याच्यावरून मारामाऱ्या चालल्या आहेत, पट्ट्यांना तेल लागतंय. मला आणखी काय हवं होतं?

पण माझा राग उतरला असं समजू नका. वरचे तीन खण अजून फुगून बसलेले आहेत. सुताराला बोलावतो म्हणून अनंत रोज म्हणतो. आणि परवा अक्षताने पुन्हा मला फुलं वाहिली. सवय आहे, जात नाही. आत नेस आहे, मेंट आहे, लॉजी आहे, आणि त्यातलं किती वाचण्यासारखं उरलंय ते मलाही ठाऊक नाही. तुमच्यापैकी ज्यांना इंग्रजीचा पेपर बघून घाम फुटतो ना, त्यांनी इकडे या. बोरिवली पश्चिम, तिसरा मजला, बेल चालू आहे. येताना फुलं आणू नका, स्क्रूड्रायव्हर आणा. काकू आधी नको म्हणतील. तुम्ही हलू नका, तिथेच उभे राहा.